लॅबचं पिल्लू घ्यायचंय: डीलर, घरगुती ब्रीडर की कागदवाला केनेल?

लॅब्रॅडॉर घ्यायचा ठरलं की पुण्या-मुंबईत किंवा नाशिक-कोल्हापुरात कुठेही गेलात तरी साधारण तीन दारं असतात. एक म्हणजे पेट शॉप किंवा व्हॉट्सअॅपवर धडाधड फोटो पाठवणारा डीलर. दुसरं, कुणाच्या तरी घरची लॅब व्यालीय आणि त्यांना पिल्लं द्यायचीत. तिसरं, केनेल क्लबचे कागद, शोकेसमध्ये डॉग शोचे कप आणि चार महिन्यांची वेटिंग लिस्टवाला ब्रीडर, म्हणजे केनेल. माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईत असाल तर इथेच थांबता येईल. पहिला सोडा, खरी निवड दुसऱ्या आणि तिसऱ्यात आहे, आणि ती करताना फाइल नंतर उघडा, आधी पिल्लाची आई बघा.

डीलरबद्दल फार लिहायची गरज नाही. तो पिल्लं वाढवत नाही, गोळा करतो. चार ठिकाणच्या चार लिटरमधली (लिटर म्हणजे एका वेळी जन्मलेली पिल्लं) पिल्लं एका पिंजऱ्यात येतात आणि त्यातल्या एकाला पार्वो, म्हणजे पिल्लांना मारणारा जुलाबाचा संसर्ग, असला की बाकीच्यांनाही धोका. पार्वोची लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस जातात, कधी त्याहून जास्त, त्यामुळे 'तीन दिवसांची गॅरंटी' ऐकायला छान वाटली तरी ती कुणाच्या सोयीची आहे ते हिशोब करून बघा. चौथ्या-पाचव्या दिवशी उलट्या, रक्ताचे जुलाब सुरू झाले की फोनवर उत्तर तयार असतं, 'मॅडम तुम्ही दूध पाजलं असणार'. आणि पिल्लू गेलं तरी पार्वोचा व्हायरस फरशीवर, अंगणातल्या मातीत महिनोन्महिने टिकतो, म्हणजे दुसरं पिल्लू लगेच त्याच घरात आणायचीही चोरी. ऑनलाइन फोटोवरून बुकिंग, मग ट्रान्सपोर्टचे वेगळे, मग एअरपोर्टवर अडकलंय म्हणून आणखी, हा तर उघड फसवणुकीचाच धंदा आहे, त्यात पिल्लू नसतंच कुठे.

आता ४५ दिवसांचं प्रकरण. आपल्याकडे कुणालाही विचारा, '४५ दिवसांची झालीत, घेऊन जा' हेच ऐकू येईल, कधी कधी ३५ दिवसांचीही काढतात, कारण त्यानंतर पिल्लू दणकून खायला लागतं, खर्च वाढतो आणि शिवाय गोंडसपणा कमी होतो असं त्यांना वाटतं. पण डॉग ब्रीडिंगचे केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत, त्यात आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई आहे. आठ आठवडे म्हणजे ५६ दिवस. ४५ आणि ५६ मध्ये काय एवढा फरक, असं कुणी म्हणेल, पण चावताना दात किती जोरात लावायचे हे पिल्लू याच दिवसांत भावंडांशी मारामारी करून आणि आईचा ओरडा खाऊन शिकतं. लवकर उचललेल्या पिल्लाला ते शिकवायचं काम मग तुमच्या मुलांच्या हातांवर होतं. त्यामुळे ब्रीडर कुठलाही असो, फोनवर पहिला प्रश्न हाच, 'कितव्या दिवशी देता?' छप्पन्न दिवसांआधी देत नाही म्हणाला की पुढे बोला.

आता आई. घरगुती ब्रीडर आणि केनेल यांची तुलना लोक किमतीवरून करतात, कारण कागदवालं पिल्लू बिनकागदाच्या दुप्पट-तिप्पटीला सहज जातं. पण दोघांकडेही एकच गोष्ट मागा, आईला पिल्लांसोबत बघायचंय. पाच-सहा आठवडे आठ-नऊ पिल्लांना पाजलेली कुत्री कशी दिसते ते लक्षात ठेवा. अंगावरचे केस गळलेले, बरगड्या थोड्या जाणवतात, आचळं लोंबलेली आणि त्यांच्या आजूबाजूला पिल्लांच्या नखांचे बारीक ओरखडे. पिल्लं जवळ आली की ती कधी पाजते, कधी वैतागून उठून जाते. हे सगळं नॉर्मल आहे. उलट समोर आणलेली कुत्री गुबगुबीत, चकाचक, पोट सपाट आणि पिल्लांकडे ढुंकूनही बघत नसेल तर ती आई नाही, शोपीस आहे. तब्येतीइतकाच स्वभावही बघा. अनोळखी माणसाला बघून ती थोडी सावध झाली तर चालेल, पण कोपऱ्यात थरथरत असेल किंवा सारखी गुरगुरत असेल तर पिल्लांत ते उतरायची शक्यता आहे, काही रक्तातून, काही तिच्याकडे बघून. 'आई गावाला आहे', 'ती चावते म्हणून बांधलीय' असं उत्तर आलं तर चहा पिऊन निघा.

मग विचारा, हे तिचं कितवं बाळंतपण आणि आधीचं कधी झालं. नियमाप्रमाणे मादी १८ महिन्यांची होईपर्यंत तिचं मेटिंग करायचं नाही, आठ वर्षांनंतर करायचं नाही, वर्षातून दोनदा व्यायला लावायचं नाही आणि आयुष्यात पाचच्या वर लिटर नाहीत. लॅब साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते, म्हणजे ज्याला पैसाच काढायचाय तो दर माजाला लावतो आणि वर्षाला दोन लिटर घेतो. हा प्रकार घरगुतीवाल्यांतही आहे आणि कपवाल्यांतही. आणखी एक, हे नियम फक्त मोठ्या केनेलला आहेत असा बऱ्याच घरगुती लोकांचा समज असतो. तसं नाही, विकण्यासाठी ब्रीडिंग करणाऱ्याने राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते, मग ती दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये का असेना. नोंदणी आहे का विचारलं की समोरच्याचा चेहरा बघा, त्यात बरंच कळतं.

घरगुतीची जमेची बाजू मोठी आहे हे मान्य करायला हवं. तिथलं पिल्लू मिक्सरचा आवाज, कुकरची शिटी, टीव्ही, लहान मुलं, झाडू मारणारी मावशी या सगळ्यात वाढतं, आणि तीन ते बारा-चौदा आठवडे हाच पिल्लाचा जग ओळखायचा काळ असतो. शहराबाहेर शेडमध्ये वाढलेलं, उत्तम कागदांचं पिल्लू थर्ड फ्लोअरच्या फ्लॅटमध्ये येऊन लिफ्टला घाबरतं, हेही होतं. पण घरगुतीत बाप कोण याचा पत्ता धड नसतो. विचारलं की उत्तर येतं, 'सोसायटीतल्याच एकाचा स्टड (मेटिंगचा नर) आहे, एकदम हेवी, डबल बोन'. हे डबल बोन म्हणजे काय ते मला आजवर कुणी समजावून सांगू शकलं नाही, लॅबच्या स्टँडर्डमध्ये, म्हणजे जातीच्या लेखी वर्णनात, असलं काही नाही, हाडं सगळ्यांना सिंगलच असतात. ज्याच्या तोंडी हा शब्द आला त्याच्याकडच्या बाकीच्या माहितीलाही मी तेवढीच किंमत देते.

कागदाचं बघू. केनेल क्लब ऑफ इंडियाचं, म्हणजे चेन्नईवाल्या संस्थेचं सर्टिफिकेट सांगतं की नोंदीप्रमाणे याचे आईबाप कोण. हाडं चांगली आहेत, डोळे चांगले आहेत असं ते सांगत नाही आणि हाच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. तरी कागद निरुपयोगी नाही, कारण त्यावरची वंशावळ वाचता येते. आईकडून आणि बापाकडून तीच तीच नावं येत असतील तर जवळच्या नात्यात मेटिंग झालंय, विचारा का केलं. 'पेपर नंतर येतील' हे खरंही असू शकतं, नोंदणीला वेळ लागतो, पण मग आईबापाची सर्टिफिकेटं आणि लिटरच्या अर्जाची पावती आत्ता दाखवायला काय हरकत? पिल्लाच्या कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा नंबर १५ अंकी असतो, व्हेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडे, स्कॅनर असतो, कागदावरच्या नंबराशी जुळवून घ्या.

चांगला केनेल जास्त पैसे कशाचे घेतो, तर ते आईबापाच्या टेस्टचे असायला हवेत. लॅबमध्ये हिप डिस्प्लेशिया, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसणं, हा घराण्यातून येणारा आजार आहे, आणि आपल्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्स आणि लाडाने वाढवलेलं वजन त्यात भर घालतात. आईबाप साधारण दोन वर्षांचे झाल्यावर खुब्याचे आणि कोपराचे एक्सरे काढले का, ते बघायला मिळतील का, हे विचारा. जास्त पळाल्यावर मागचे पाय लटके पडण्याचा एक आनुवंशिक आजारही लॅबमध्ये आहे, त्याची आणि डोळ्यांच्या आजाराची डीएनए टेस्ट होते. शोचा कप म्हणजे एक्सरे नाही. पाच कप दाखवणारा आणि एकही फिल्म न दाखवणारा केनेल असेल, तर तुम्ही कपांचेच पैसे भरताय.

व्हॅक्सिन बुक हातात घेऊन नीट वाचा, नुसतं 'फर्स्ट शॉट डन' ऐकून घेऊ नका. प्रत्येक डोसच्या रकान्यात बाटलीवरचं सोललेलं स्टिकर हवं, त्यावर बॅच नंबर आणि एक्स्पायरी, शेजारी तारीख, डॉक्टरची सही आणि शिक्का, शिक्क्यात रजिस्ट्रेशन नंबर. पेनाने लिहिलेलं 'नाइन इन वन' (अनेक आजारांवरचं एकत्र व्हॅक्सिन) आणि खाली सही म्हणून एक वेलांटी, हे व्हॅक्सिन नाही, ती शाई आहे. मग जन्मतारखेशी तारीख ताडून बघा, पहिला डोस साधारण सहा ते आठ आठवड्यांत असतो. मी असं बुक बघितलंय ज्यात डोसची तारीख जन्माच्या आधीची होती, आणि विकणारा शांतपणे म्हणाला की प्रिंटिंग मिस्टेक, हाताने लिहिलेलं होतं ते. आणि एक डोस झाला म्हणजे पिल्लू सुटलं असंही नाही, आईकडून आलेली प्रतिकारशक्ती व्हॅक्सिनला आडवी येते म्हणून तीन-चार आठवड्यांनी परत परत, सोळा आठवड्यांपर्यंत द्यावं लागतं. रेबीजचं साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर.

मग कोण निवडायचा? घरात लहान मुलं आहेत, शोमध्ये न्यायचं नाही, तर आई दाखवणारा, नोंदणी असलेला, वर्षा-दोन वर्षांतून एखादं लिटर घेणारा घरगुती माणूस, ज्याच्याकडे निदान आईचा एक्सरे आहे, तो मला कपवाल्यापेक्षा बरा वाटतो, कागद नसले तरी. पण असा माणूस मिळणं अवघड आहे आणि 'ओळखीतले आहेत' हा त्याचा पुरावा नाही. एक्सरे, टेस्ट, वंशावळ सगळं टेबलावर ठेवणारा केनेल सापडला तर जास्त पैसे द्या, चार महिने थांबा, लॅब दहा-बारा वर्षं जगतो. आणि या दोघांतला जो तुम्हालाच उलट प्रश्न विचारतो तो वर, दिवसभर घरी कोण असतं, कितवा मजला, याआधी कुत्रं होतं का, नाही जमलं तर परत आणणार का. काहींना याचा राग येतो, 'पैसे आम्ही देतोय आणि इंटरव्ह्यू आमचाच'. मला तर असे प्रश्न न विचारणाऱ्याचीच भीती वाटते.

लॅबच हवा असा हट्ट नसेल तर शेल्टरमधलं गावठी पिल्लू बघा, वर लिहिलेल्यातली निम्मी डोकेदुखी संपते, व्हॅक्सिनचा भाग सोडून. कारवानीवर, म्हणजे शिकारीच्या चपळ देशी कुत्र्यावर, जीव असेल आणि पळायला रान असेल तर मात्र लातूर-सोलापूरकडे किंवा कर्नाटकातल्या मुधोळजवळ तिम्मापूरला पशुवैद्यकीय विद्यापीठाचं या जातीचं केंद्र आहे तिकडे चौकशी करा, वन बीएचकेसाठी तो कुत्रा नाही.

टोकन देताना एका कागदावर लिहून घ्या: जन्मतारीख, आईबापाची नावं, चिप नंबर, किती दिवसांत व्हेटकडे दाखवायचं आणि आजार निघाला तर पैसे परत की दुसरं पिल्लू. व्हेट तुमचा, त्यांचा नाही. लिहून द्यायला का कू करत असेल तर टोकन खिशातच राहू द्या.