सावली साडेबारानंतर सर्वांत लहान झाली: इंदूरमधील रविवारच्या एका विज्ञानवर्गाविषयी

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी दुपारी 12 वाजता, इंदूरच्या पश्चिम भागातील एका शाळेच्या मैदानावर, सहावी-सातवीतली 23 मुले एक मीटर उंचीच्या काठीभोवती बसली होती आणि दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी एकेक खिळा रोवून त्याचे अंतर वहीत लिहीत होती. काठी सरळ उभी आहे की नाही हे पाहण्यासाठी गवंड्याचा ओळंबा आणलेला होता, आणि तो पाहूनच हे लोक काम जाणणारे असावेत असे माझे मत झाले. सावली केव्हा सर्वांत लहान होईल याचा अंदाज मुलांनी आधीच लिहून ठेवला होता आणि तो सगळ्यांचा एकच होता: ठीक 12 वाजता. प्रत्यक्षात 12 वाजता सावली 101 सेंटिमीटर भरली, त्यानंतर दहा मिनिटांनी साडेनव्याण्णव, आणि ती आणखी आखडतच गेली. माझी नात धावत येऊन म्हणाली, ‘आजोबा, परछाई अजून छोटी होते आहे.’ इंदूरच्या मराठी घरांत ‘सावली’ हा शब्द आता पाठ्यपुस्तकापुरता उरला आहे, ही खंत येथे बाजूला ठेवतो.

हा वर्ग चालवणारी संस्था लहान आहे. पुढे काही तक्रारीही लिहायच्या असल्याने तिचे नाव मी मुद्दाम देत नाही. परंतु आठ रविवारांचे 4,800 रुपये भरून नातीला या वर्गाला घातले आणि आठही वेळा स्वतः सोबत गेलो, त्यामुळे जे लिहितो आहे ते पाहिलेले आहे. अशा प्रकारचे वर्ग आता शहरात वाढू लागले आहेत आणि पालकांना निवड करायला काही आधार हवा, एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

माझी स्वतःची पार्श्वभूमी सांगणे आवश्यक वाटते. एका महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत मी 34 वर्षे सहायक होतो. साध्या लंबकावरून गुरुत्वीय त्वरण काढण्याचा प्रयोग मी किती तुकड्यांकडून करून घेतला याची गणती नाही, आणि त्यांतल्या बहुतेक मुलांचे उत्तर 980 च्या (सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग) अगदी जवळ येत असे. लंबक वीस आंदोलनांऐवजी एकोणीसच मोजला गेला तरी उत्तर 980, दोऱ्याची लांबी चुकली तरी 980. उत्तर पुस्तकात छापलेले असल्यामुळे निरीक्षणे उत्तरापासून मागे मागे येत लिहिली जात, हे मला ठाऊक होते, सरांना ठाऊक होते आणि तोंडी परीक्षेला येणाऱ्या बाहेरच्या परीक्षकांनाही ठाऊक होते. त्यामुळे मैदानावर मुलांच्या वहीत 12 वाजताच्या नोंदीपुढे 101 आणि त्याखाली 99.5 असे आकडे मी पाहिले, तेव्हा मला जे समाधान वाटले ते इतरांना कदाचित कळणार नाही.

त्यानंतर जे घडले तो या वर्गाचा सर्वांत चांगला भाग होता. 12:30, 12:35 आणि 12:40 या तिन्ही वेळांना सावली 98 सेंटिमीटरच मोजली गेली, कारण माध्यान्हाच्या आसपास ती इतकी सावकाश बदलते की मोजपट्टीला तो फरक समजत नाही. मग नेमका मध्य कोणता? मुलांत भांडण जुंपले. कोणी घड्याळाला दोष दिला, कोणी काठीला, आणि शिकवणाऱ्या दीदी झाडाखाली बसून ऐकत राहिल्या. त्यांनी एक शब्दही उच्चारला नाही. जवळजवळ वीस मिनिटांनी एका मुलाच्या लक्षात आले की 12:05 ला सावली जितकी होती तितकीच ती पुन्हा 1:05 ला झाली आहे, तेव्हा मध्य या दोहोंच्या बरोबर मधोमध, म्हणजे 12:35 ला, असला पाहिजे. समान लांबीच्या दोन सावल्यांवरून मध्य काढण्याची ही युक्ती आपल्याकडच्या जुन्या ज्योतिर्विदांची आहे. शंकू, म्हणजे सरळ उभी काठी, रोवून, त्याच्याभोवती वर्तुळ काढून ते याच रीतीने दिशा साधत. त्या मुलाला यातले काहीही माहीत नव्हते. दीदींनी ते सांगितले, परंतु पुढच्या रविवारी.

त्या दुसऱ्या रविवारी 35 मिनिटांचा हिशेबही उलगडला. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावरून धरलेली आहे आणि इंदूर 76 अंशांच्या किंचित अलीकडे, म्हणजे त्या रेखावृत्ताच्या साडेसहा अंशांहून थोडे अधिक पश्चिमेला आहे. पृथ्वीला एक अंश वळायला चार मिनिटे लागतात, म्हणून आपल्याकडे सूर्य माथ्यावर यायला 26-27 मिनिटे उशीर होतो. उरलेली आठ-नऊ मिनिटे कोठून आली, तर पृथ्वीची कक्षा पूर्ण वर्तुळाकार नाही आणि तिचा आस कललेला आहे, यामुळे खरा सूर्य घड्याळाच्या कधी पुढे तर कधी मागे असतो, आणि जानेवारीत तो मागे असतो. हा भाग सहावीच्या मुलांना जड गेला. तो तसाच सोडून दिला हे योग्यच केले.

मातीच्या रविवारीही अशीच रीत होती. माळव्याची काळी माती ही दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन बनलेली आहे आणि तो खडक सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे, ही माहिती पुस्तकात मिळते. मुलांना मात्र शेताच्या बांधावर नेऊन ओली काळी माती हातात दिली, तिची 10 सेंटिमीटर लांबीची पट्टी थापायला लावली आणि ती घरी नेऊन आठवडाभर सावलीत वाळवायला सांगितले. आमच्या घरी ती पट्टी स्वयंपाकघराच्या खिडकीत, लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवली होती. आठवड्याने ती साडेआठ सेंटिमीटर भरली आणि तिला मधोमध आरपार भेग गेली. नातीने मोजपट्टी खाली ठेवली आणि उठून दिवाणखान्याच्या कोपऱ्यात गेली. तेथे चौकटीच्या वरच्या कोपऱ्यापासून तिरपी गेलेली एक चीर आहे. दर उन्हाळ्यात ती रुंदावते, पावसाळ्यात मिटते आणि आम्ही दर दिवाळीला तिच्यावर लांबी भरतो. ‘घर पण याच मातीवर आहे ना?’ एवढेच तिने विचारले. ज्या गवंड्याने 1988 मध्ये पाया चार फुटांवर थांबवला होता, त्याला हा प्रश्न कोणी वेळेवर विचारला असता तर बरे झाले असते.

सिरपूर तलावावरच्या रविवारी माझा पहिला मोठा अपेक्षाभंग झाला. जागा उत्तम होती. होळकर संस्थानाच्या काळात बांधलेला आणि 2022 मध्ये रामसर या आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत समाविष्ट झालेला हा तलाव हिवाळ्यात पक्ष्यांनी गजबजलेला असतो आणि आमच्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर आहे. परंतु त्या दिवशी दोन तुकड्या एकत्र करून 45 मुले आणली होती आणि दुर्बिणी चारच होत्या. शिवाय नेहमीच्या दीदींऐवजी आलेले तरुण गृहस्थ एखादा पक्षी दिसला की मुलांनी दुर्बीण डोळ्याला लावण्याआधीच त्याचे नाव, त्याचे खाद्य आणि तो कोठून आला हे सगळे मोठ्याने सांगून टाकत. मुलांनी 26 नावे उतरवून घेतली. टिबुकली हा छोटा पाणपक्षी बुडी मारून किती वेळ पाण्याखाली राहतो, हे घड्याळ लावून एकानेही पाहिले नाही, आणि वारकरी हा पक्षी पाण्यावरून उडताना आधी लांबवर धावतो तर काही बदके तेथल्या तेथे कशी उठतात, हा फरक समोर घडत असूनही कोणाच्या नजरेस आला नाही. वर्गातला फळा तलावाकाठी आणून ठेवला म्हणजे शिक्षण निसर्गात गेले असे होत नाही. मी त्या गृहस्थांशी नंतर बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, आणि पालकांना घरी गेल्यावर ‘आज काय शिकलास’ याचे उत्तर ऐकायचे असते, असे सांगितले. त्यांचेही काही खोटे नव्हते. त्या दिवशी पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर जितके कौतुक झाले तितके सावलीच्या रविवारी झाले नव्हते.

त्याच तलावाचे थेंबभर पाणी कागदी सूक्ष्मदर्शकातून पाहण्याचा पुढचा कार्यक्रम मात्र बरा झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेले हे घडी घालायचे फोल्डस्कोप सुमारे 140 पट मोठे करून दाखवते. ते जोडण्यातच तास गेला आणि निम्म्या मुलांना आधी स्वतःच्या पापण्याच दिसल्या, हे सांगितले पाहिजे.

सोयींच्या बाबतीत संस्थेने बराच विचार करायला हवा. मैदानावर आणि तलावावर मुलींसाठी स्वच्छतागृहाची व्यवस्था आधी पाहून ठेवलेली नव्हती. उज्जैनच्या जुन्या वेधशाळेच्या सहलीच्या बसचे वेगळे 600 रुपये भरायचे आहेत हे आम्हाला पाचव्या रविवारी समजले. ती सहल स्वतः मात्र पैसे वसूल करणारी होती. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात उभारलेली ही वेधशाळा 1923 मध्ये माधवराव शिंदे यांनी दुरुस्त करवून घेतली आणि गोविंद सदाशिव आपटे तिचे पहिले अधीक्षक झाले, हे माळव्यातल्या मराठी मुलांना कोणी सांगत नाही. तेथील सम्राट यंत्रावर, म्हणजे मोठ्या सूर्यघड्याळावर, सावलीने दाखवलेली वेळ आणि मनगटावरची वेळ जुळत नाही हे पाहून सहलीला आलेले दुसरे एक कुटुंब यंत्र बिघडले आहे असे म्हणू लागले, तेव्हा आमच्या तुकडीतल्या दोघांनी त्यांना मिनिटे कशी मिळवायची ते समजावून सांगितले.

एक प्रश्न येथे विचारलाच पाहिजे. 4,800 रुपये ज्यांच्याकडे नाहीत त्यांच्या मुलांनी काय करावे? याच मध्य प्रदेशात 1972 मध्ये किशोर भारती आणि रसूलिया येथील मित्र मंडळ केंद्र या संस्थांनी होशंगाबाद जिल्ह्यातील 16 सरकारी शाळांत सहावी ते आठवीच्या मुलांना प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू केला होता. 1982 मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने तो पुढे नेला. त्यात मुले परिसरात फिरून निरीक्षणे करत, आणि परीक्षेत पुस्तक उघडून उत्तरे लिहिण्याची मुभा असे, कारण पाठांतर तपासायचेच नव्हते. 2002 मध्ये शासनाने तो बंद केला. खेड्यातल्या सरकारी शाळेत जे तीस वर्षे चालले, ते आज शहरात शुल्क भरून विकत घ्यावे लागते. संस्थेने प्रत्येक तुकडीत चार-पाच जागा महापालिकेच्या किंवा सरकारी शाळेतील मुलांसाठी ठेवाव्यात, असे मी लेखी सुचवले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.

संस्थेच्या पत्रकात मोकळ्या हवेत राहिल्याने मुलांची दृष्टी सुधारते असे छापले आहे, त्याविषयी थोडे सावध करतो. चीनमधील ग्वांगझू शहरात 12 प्राथमिक शाळांवर झालेला आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात रोज 40 मिनिटे अधिक बाहेर घालवणाऱ्या मुलांपैकी तीन वर्षांत 30.4 टक्क्यांना लघुदृष्टी आली, तर नेहमीप्रमाणे शिकणाऱ्यांपैकी 39.5 टक्क्यांना. फरक लक्षणीय आहे, पण तो लघुदृष्टी टळण्यात किंवा लांबण्यात आहे. लागलेला चष्मा उतरल्याचे त्यात कोठेही नाही. शिवाय तेथे मुले रोज बाहेर होती. आठवड्यातून एकदाच भरणाऱ्या वर्गाला हे श्रेय घेता येणार नाही.

पाचपैकी गुण द्यायचे तर मी साडेतीन देईन, आणि ते जवळजवळ सगळे नेहमीच्या दीदींचे आहेत. तुकडी 25 च्या आत असेल आणि त्याच शिकवणार असतील तर खुशाल पैसे भरावेत. प्रवेश घेण्याआधी एकदा जाऊन एक तास फक्त पाहावे, आणि मुलांनी प्रश्न विचारल्यापासून मोठ्यांनी उत्तर देईपर्यंत किती वेळ जातो तेवढे मोजावे. पत्रकापेक्षा अधिक माहिती तेथे मिळते.

मार्चच्या पहिल्या रविवारी, शेवटच्या वर्गात, तीच काठी पुन्हा रोवली तेव्हा सर्वांत लहान सावली 58 सेंटिमीटर भरली. वर्ग संपला, पण आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ नातीने स्वतःची काठी उभी केली आहे आणि दर रविवारी ती खडूने खूण करते. इंदूर कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेला असल्याने जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस एका दुपारी ती सावली नाहीशी होईल, हे तिने हिशेब करून काढले आहे. जुलैच्या पहिल्या आठवड्यातही एकदा तसे होते, पण तेव्हा ढगांचा भरवसा नसतो. त्यामुळे मामाकडे जाण्याचे तिकीट तिने या वर्षी 8 जूननंतरचे काढायला लावले आहे.