पंधरा गोण्या

रत्नागिरीत माझा बर्फाचा छोटा कारखाना आहे. 1 जूनला मासेमारी बंद झाली की आमचंही काम थांबतं. मिठाच्या पाण्याची लोखंडी टाकी रिकामी करून दुरुस्तीला तेवढेच दोन महिने मिळतात, तेही भर पावसातले. असलं घाईतलं गिऱ्हाईक ठेकेदाराला लांबूनच ओळखू येतं.

टाकी 38 बाय 14 फूट, खोली 4 फूट. आतून ब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या जोरानं खरखरीत कण मारून पत्रा साफ करणं, आणि वर इपॉक्सी रंगाचे तीन हात, एवढं काम. दोघांनी चौरस फुटाला 130 च्या वर दर सांगितला, हा तिसरा ठेकेदार 95 म्हणाला. कोटेशनमध्ये सगळं नीट लिहिलेलं: कॉपर स्लॅग ग्रिट (तांबं गाळून उरलेल्या मळीचे कण), सफाई ‘एसए अडीच’. हा आयएसओ 8501-1 या आंतरराष्ट्रीय मानकातला सफाईचा दर्जा. गंज, जुना रंग, मिल स्केल (पत्रा बनतानाच बसलेला काळा थर) निघून पत्रा जवळजवळ पांढरा पडायला हवा, पुसट डाग तेवढे चालतात. मी साठ टक्के आगाऊ दिले.

पहिल्या दिवशी त्यानं शिडीजवळचा कोपरा माझ्यासमोर मारला. पत्रा इतका स्वच्छ निघाला की मी पोरांना चहा सांगितला. दाराशी स्लॅगच्या 15 गोण्या रचून ठेवल्या होत्या. “शेठ, बाकीचं रात्री करतो. दिवसा आवाजाचा शेजाऱ्यांना त्रास.” माणूस समजूतदार वाटला हो!

सकाळी जातो तर अख्खी टाकी लाल प्रायमरनं माखलेली. म्हणे, ब्लास्ट केलेल्या पत्र्यावर चार तासांत प्रायमर बसला पाहिजे, नाहीतर गंज परत धरतो. नियम खराच आहे, म्हणून तर मी गप्प बसलो. हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या वर असली की रंग मारू नये आणि पत्रा दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी दव होऊन बसतं त्यापेक्षा, निदान 3 अंश गरम असावा, हे नियमही तितकेच खरे. ते त्यानं सांगितले नाहीत. शेवटी जाडीचा मीटर लावून 250 मायक्रॉन दाखवले आणि उरलेले पैसे घेऊन गेला.

दिवाळीनंतर टाकी उपसावी लागली. तळाला रुपयाएवढे फोड आले होते. ओळखीचा एक जण जहाजांच्या रंगकामाची तपासणी करतो, त्यानं सुरीनं एक पापुद्रा उचलला. खाली जुना गंज, तारेच्या ब्रशनं घासून चकाकवलेला. मीटरनं तो गंजही रंगाच्या जाडीत धरला होता. दुसऱ्या बाजूला प्रायमरमध्ये शिंपल्यांचा चुरा सापडला. म्हणजे जे थोडंफार मारलं, ते खाडीच्या वाळूनं. मारण्याआधी गोड्या पाण्यानं टाकी धुतलीही नव्हती. पत्र्यावर मीठ राहिलं की ते रंगातून पाणी ओढून घेतं, आणि फोड त्याचेच.

मग त्यानं विचारलं, “गोण्या किती आल्या होत्या?” त्यानं हिशेब मांडला. टाकी साधारण 88 चौरस मीटर, एका चौरस मीटरला अंदाजे 40 किलो ग्रिट, म्हणजे साडेतीन टन. 50 किलोच्या सत्तर गोण्या. माझ्या दाराशी होत्या पंधरा, आणि वॉचमन म्हणाला त्यातल्या तेराचं तोंडही उघडलं नव्हतं, तशाच टेम्पोत परत चढल्या.

मला जास्त लागलं ते दुसरंच. पोरं नाकातोंडाला टॉवेल गुंडाळून त्या वाळूच्या धुळीत उभी होती. त्या धुळीतल्या सिलिकानं फुप्फुसं कायमची जातात, सिलिकोसिसवर औषध नाही. ब्रिटननं ब्लास्टिंगला वाळू वापरणं 1950 मध्येच बंद केलं. माझ्या 95 च्या दरात ती पोरंही धरलेली होती.

ठेकेदाराचा फोन बंद. कोटेशनवर जीएसटी नंबर होता, तो निघाला भलत्याच्याच नावाचा.

पुढच्या जूनमध्ये दुसऱ्याला काम दिलं. अट एकच घातली: प्रायमरचा डबा माझ्यासमोर उघडायचा, आणि त्याआधी बॅटरी घेऊन मी टाकीत उतरणार. रिकाम्या गोण्याही मोजून ताब्यात घेतल्या. तो थोडा चिडला. अडुसष्ट भरल्या.