स्नॅपशॉट दाखवून बॅकअपचे पैसे घेतले

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आमचा सुटे भाग तयार करण्याचा लहानसा कारखाना आहे. हिशेब, जॉबची ड्रॉइंग आणि माल पाठवण्याच्या नोंदी अशी तीन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले तीन स्वतंत्र संगणक, व्हीएमवेअर या कंपनीच्या प्रणालीच्या साहाय्याने एकाच सर्व्हरवर चालत असत. त्यांच्या ‘दैनंदिन बॅकअप’साठी पुण्यातल्याच एका सेवा पुरवठादाराला आम्ही दरमहा ६,५०० रुपये याप्रमाणे १९ महिने, म्हणजे एकूण १,२३,५०० रुपये दिले. या १९ महिन्यांत बॅकअप एकदाही घेतला गेला नव्हता. असाच करार केलेले आणखी कारखानदार आमच्या आसपास आहेत, हे कळल्यामुळे सगळा प्रकार लिहून काढत आहे.

करारापूर्वी त्या गृहस्थाने आमच्या कार्यालयात एक प्रात्यक्षिक दाखवले होते. हिशेबाच्या मशीनचा त्याने स्नॅपशॉट घेतला, आमच्यादेखत एक आख्खे फोल्डर पुसून टाकले आणि एक बटण दाबून मिनिटभरात ते जसेच्या तसे परत आणले. आम्ही थक्क झालो. आमच्या हिशेब पाहणाऱ्या ताई तोवर दर शनिवारी टॅलीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घेऊन घरी नेत असत. “ताई, आता त्याची काही गरज नाही, हे रोज आपोआप होतं,” असे सांगून त्याने ती पद्धतही बंद करायला लावली. आमच्याकडे जो एकमेव खरा बॅकअप होता, तो बंद करण्याचे पैसे आम्ही मोजले, असेच आता म्हणावे लागते.

त्या प्रात्यक्षिकात खोटे काहीच नव्हते, आणि म्हणूनच ते फसवे होते. स्नॅपशॉट घेतला की मशीनची मूळ डिस्क-फाइल त्या क्षणी असेल त्या स्थितीत गोठवली जाते आणि पुढचे सगळे बदल वेगळ्या डेल्टा फाइलमध्ये लिहिले जातात; मागे जायचे म्हणजे ती डेल्टा फाइल टाकून देऊन गोठवलेल्या स्थितीपासून पुन्हा सुरुवात करायची. यात मूळ माहितीची दुसरी प्रत कुठेही तयार होत नाही. डेल्टा फाइल मूळ फाइलवर अवलंबून असते, त्यामुळे मूळ फाइल गेली की तिच्यावर रचलेली सगळी साखळी निकामी होते. एखादे अपडेट बसवण्याआधी काही तासांपुरती खबरदारी म्हणून ही सोय उत्तम आहे. खुद्द व्हीएमवेअरचीच सूचना अशी आहे की, कोणताही स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि साखळीत दोन-तीनच असावेत; ३२ ही तर कमाल मर्यादा. योगायोग असा की, जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे जपायची असतात ती वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने.

आमच्या सर्व्हरवर मात्र रोज एक स्नॅपशॉट घेतला जाई आणि मर्यादा जवळ आली की त्याचा माणूस येऊन जुने पुसून जाई. साखळी लांबली की मशीन मंद होते आणि डेल्टा फाइली जागा खातात, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते. आम्ही तक्रार केल्यावर “साहेब, तुमचा डेटा वाढलाय,” असे म्हणून त्याने ३८,००० रुपयांची जादा डिस्क आमच्याच गळ्यात मारली.

आमच्याकडे गुरुवार हा साप्ताहिक सुट्टीचा आणि वीजदुरुस्तीचा दिवस असतो. अशाच एका गुरुवारनंतर शुक्रवारी सकाळी सर्व्हर सुरू झाला नाही. त्यात रेड-५ पद्धतीची रचना होती, म्हणजे एक डिस्क बंद पडली तरी काम चालू राहते. पण एक डिस्क आधीच बंद पडली होती, तिचा केशरी दिवा कित्येक आठवडे लुकलुकत होता आणि दरमहा येणाऱ्या माणसाने त्याकडे लक्ष दिले नव्हते. शुक्रवारी दुसरी डिस्क गेली आणि तिन्ही मशीन गेली. स्नॅपशॉटही त्याच डिस्कवर असल्यामुळे तेही सोबत गेले.

इथपर्यंत मी याला अज्ञान किंवा हलगर्जीपणा म्हटले असते. पण नेहमीप्रमाणे सोमवारी त्याच्या कार्यालयातून साप्ताहिक अहवाल आला आणि त्यात सातही दिवसांपुढे ‘यशस्वी’ असे लिहिलेले होते. त्यांपैकी शेवटचे तीन दिवस आमचा सर्व्हर उघड्या अवस्थेत टेबलावर पडलेला होता.

हिशेब पुन्हा उभा करायला अडीच महिने लागले. विक्रीची बिले जीएसटी पोर्टलवर भरलेल्या जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रातून, खरेदीची तिथल्याच जीएसटीआर-२बी या खरेदीच्या तपशिलातून आणि उरलेले बँकेचे उतारे व चलनपुस्तके यांवरून जुळवले. ड्रॉइंग मात्र परत मिळाली नाहीत. ग्राहक आयोगाकडे जावे, तर व्यावसायिक कारणासाठी घेतलेली सेवा २०१९ च्या कायद्यात सहसा बसत नाही, असे वकिलांनी सांगितले. म्हणून तो सोमवारचा अहवाल जोडून आम्ही नोटीस पाठवली. “करारात बॅकअप कोठे ठेवायचा याचा उल्लेख नाही,” एवढेच उत्तर आले, आणि दुर्दैवाने ते खरे आहे.

म्हणून ज्यांचा असा करार चालू आहे, त्यांनी तो आजच काढून पाहावा. प्रत कोणत्या वेगळ्या उपकरणावर जाते, त्यातली एक कारखान्याबाहेर असते का आणि मूळ सर्व्हर बंद ठेवून ती दुसऱ्या संगणकावर चालू करून दाखवता येईल का, हे लेखी विचारावे. शेवटच्या प्रश्नावर टाळाटाळ झाली, तर पुढचे बिल थांबवावे.

नव्या करारात आम्ही हीच अट घातली आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ताई सांगतील ते मशीन दुसऱ्या संगणकावर उभे करायचे आणि त्यातले शेवटचे बिल त्यांनी स्वतः उघडून पाहायचे. पहिल्या महिन्यात ते उभे राहिलेच नाही, दुसऱ्या महिन्यात दोन तास लागले. ताईंचा पेन ड्राइव्ह मात्र पुन्हा सुरू झाला आहे, आणि आता कोणी सांगितले तरी तो बंद होणार नाही, असे त्यांनी मला बजावले आहे.