जुनी तीनचाकी एटीसी दुरुस्तीला देण्याआधी हे वाचा

नागपुरात किंवा आसपास ज्यांच्याकडे परदेशातून आलेली एखादी दुर्मीळ जुनी गाडी आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. बुलेट, येझदी, लॅम्ब्रेटाच्या कामात कुणी गडबड केली तर सांगणारे चार जाणकार गल्लीत सापडतात. पण जी गाडी शहरात दुसऱ्या कुणी पाहिलेलीच नाही, तिच्याबाबतीत मिस्त्री म्हणेल तीच पूर्व दिशा. आमच्या होंडा एटीसी 110 चं, म्हणजे शेतात-चिखलात चालणाऱ्या तीनचाकी मोटरसायकलचं, नेमकं हेच झालं. पैसे गेलेच, पण गाडीचे मूळ पार्ट गेले याने जास्त जीव जळतो.

गाडी माझ्या मोठ्या काकाजींची. कुवेतची नोकरी सोडून परत येताना त्यांनी ती सामानासोबत आणली आणि काटोलकडच्या आमच्या संत्र्याच्या बगीच्यात वर्षानुवर्षं वापरली. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत ट्रॅक्टर रुतून बसायचा, तिथून ही आपल्या फुगीर टायरांवर आरामात निघून जायची. पुढे काकाजींचे गुडघे गेले आणि गाडी गोठ्याच्या कोपऱ्यात पडली. काकाजी आहेत तोवर ती चालू झालेली त्यांना दिसावी, एवढीच माझी इच्छा होती.

ज्यांनी ही जात पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. होंडाने 1970 साली पहिली तीनचाकी आणली, तीच पुढे एटीसी 90 झाली. त्यानंतरची 110 ही 105 सीसीची, दोरी ओढून चालू होणारी, क्लचचा दांडा नसलेली साधी गाडी. तिला पुढे-मागे कुठेच शॉकअब नाहीत. टायर हेच सस्पेन्शन. अपघात फार होऊ लागले तेव्हा अमेरिकेत सरकार आणि कंपन्यांमध्ये 1988 साली करार झाला आणि नव्या तीनचाकींची विक्री थांबली. म्हणजे शोरूममध्ये जाऊन पार्ट मागावा अशी ही गाडीच नाही. टायर, गॅस्केट, कार्बोरेटर बाहेरच्या देशांत अजून बनतात, पण ते मागवावे लागतात. फसवणुकीला जागा मिळते ती इथेच.

शहरात जुन्या गाड्या नव्यासारख्या करून देणारा एक जण आम्हाला कुणीतरी सुचवला. प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे, म्हणून नाव लिहीत नाही. दुकानात दोन-तीन जुन्या स्कूटर चकाचक करून ठेवलेल्या, बोलणं गोड. गाडी पाहून म्हणाला, “काकाजींची आहे ना? मग आमच्याही घरचीच समजा. टेन्शन घेऊ नका भाऊ.” बोअर (झिजलेला सिलिंडर आतून कापून सारखा करणं), पिस्टन, कार्बोरेटर, कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगा), मागच्या अ‍ॅक्सलच्या बेअरिंगा, टायर आणि रंग अशी यादी त्याने कागदावर काढून दिली आणि निम्मे पैसे आगाऊ घेतले.

मग सुरू झालं ते सामानाचं नाटक. जपानवरून पार्ट निघाले, मुंबईत अडकले, कस्टमवाले सोडत नाहीत. “सामान येऊनच राहिलं भाऊ, फक्त ड्यूटी भरा लागते.” त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर राजमुद्रेचं एक पत्र पाठवलं आणि सोबत एक यूपीआय नंबर. खातं कुण्या व्यक्तीच्या नावावर. 12,000 रुपये त्या खात्यात गेले. कस्टमची ड्यूटी कधीही कुणाच्या खाजगी खात्यात भरली जात नाही. ती सरकारी पोर्टलवर भरतात, नाहीतर कुरिअर कंपनी भरून पावतीसह आपल्याकडून वसूल करते, आणि मालाचं बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टमचा कागद) निघतं. कस्टमच्या पत्रांवर 2019 पासून डीआयएन हा ओळख क्रमांक असतो आणि तो खात्याच्या वेबसाइटवर तपासता येतो. आमच्या पत्रावर तो नव्हताच. बिल ऑफ एंट्री आणि कुरिअरचा ट्रॅकिंग नंबर मागितला की खरा माणूस लगेच देतो. खोटा आवाज चढवतो किंवा फोन उचलायचा थांबतो. आमच्याकडे आधी आवाज चढला, मग फोन थांबला.

यावर कडी म्हणजे नंबरचं आमिष. म्हणाला, व्हिंटेजची ‘व्हीए’ मालिका निघाली आहे, 20,000 रुपये सरकारी फी भरली की पाटी लावून बिनधास्त सिव्हिल लाइन्समधून फिरवा. फीचा आकडा खरा आहे, म्हणून माणूस विश्वास ठेवतो. 2021 च्या केंद्राच्या नियमांत व्हिंटेज गाडीच्या नव्या नोंदणीला 20,000 रुपयेच आहेत. पण ते नियम 50 वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात असलेल्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांसाठी आहेत. 110 हे मॉडेलच 1979 चं, आणि चाकं तीन. शिवाय व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडीसुद्धा रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. ही रक्कम आम्ही दिली नाही, कारण माझा भाचा एमएच-40 च्या, म्हणजे नागपूर ग्रामीणच्या कार्यालयात जाऊन विचारून आला. बगीच्याच्या हद्दीत चालवायच्या गाडीला रस्त्याच्या नंबरचं स्वप्न कुणी दाखवलं, तर तिथेच सावध व्हा.

अखेर गाडी मिळाली. लाल रंग झळझळीत, सीट नवी, दोरी ओढली की चालू. काकाजींना खुर्चीत बसवून बाहेर आणलं होतं. त्यांचा चेहरा इतका खुलला की मला त्या क्षणी पैशाचं काहीच वाटलं नाही.

पण गाडी चालवल्यावर ती सारखी डावीकडे ओढू लागली. वळणावर सरळच जायची आणि ढेकळावरून गेली की बैलगाडीसारखी उसळायची. फोन केला तर उत्तर आलं, “जुन्या गाडीत असंच असते भाऊ, हात बसला की सवय होते.”

काकाजींनी बसल्या जागेवरून टायरकडे बोट दाखवलं. “हवा किती आहे रे?”

या गाडीच्या टायरात सव्वादोन पीएसआयच्या आसपास हवा असते. होय, सव्वादोन. कारमध्ये तीस-बत्तीस असते. पंक्चरवाल्याचं गेज इतकी कमी हवा दाखवतच नाही, त्यासाठी कमी दाबाचं वेगळं गेज लागतं. मिस्त्रीने टायर टणक होईस्तोवर हवा भरून दिली होती. ती काढल्यावर उसळणं थांबलं, पण डावीकडे ओढणं तसंच राहिलं. मग आम्ही अंगणातल्या फरशीवर मागच्या दोन्ही टायरांवर खडूने खूण केली, गाडी अगदी हळू ढकलून प्रत्येक टायरचा एक पूर्ण फेरा फरशीवर आखला आणि टेपने मोजला. उजव्या टायरचा फेरा डाव्यापेक्षा तब्बल अडीच इंच जास्त. या गाडीला मागे डिफरन्शियल नाही, एकाच आडव्या दांड्यावर दोन्ही चाकं घट्ट बसलेली, दोन्ही सारखीच फिरणार. एक टायर मोठा असेल तर तो दर फेऱ्याला पुढे जातो आणि गाडी लहान टायरच्या बाजूला वळते. बिलात ‘इम्पोर्टेड टायर जोडी’ लिहिलेलं. जोडी कसली, एक टायर नवा, दुसरा कुठल्यातरी भंगारातल्या गाडीचा काळा रंगवलेला.

मग कोनसेट पाहिला. इंजिनखाली संत्र्याचा क्रेट लावून पुढचं चाक उचललं आणि हँडल एका बोटाने फिरवलं. बरोबर मध्यावर ते खट्ट करून अडकायचं. वर्षानुवर्षं छर्रे एकाच जागी दाबून रेसरमध्ये, म्हणजे छर्रे फिरतात त्या कड्यात, खड्डे पडले की असं होतं. नवा कोनसेट असता तर ही खाच असूच शकत नव्हती. बिलात मात्र ‘नवीन’.

इंजिनकडे आलो तेव्हा हिंगणा एमआयडीसीतल्या एका लेथवाल्या दादांनी मदत केली. त्यांनी आधी फक्त स्क्रू पाहिले. हेडच्या नटांच्या कडेला आणि साइड कव्हरच्या स्क्रूंच्या खाचेत जुना घट्ट मळ, त्यावरून चंदेरी रंगाचा फवारा. “हे उघडलंच नाही,” दादा म्हणाले. हेड उघडलं ते मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवून. बिलात बोअर करून 0.50 मिमी ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा मोठा, पिस्टन टाकल्याचं लिहिलं होतं. ओव्हरसाइज पिस्टनच्या माथ्यावर आकडा ठोकलेला असतो. इथे माथ्यावर कार्बनचा जाड थर. तो खरवडला तर खाली आकडा नाही. बोअर केल्यावर होनिंगच्या तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा दिसतात, त्याही नाहीत. होते ते उभे ओरखडे.

मग धूर का येत नव्हता? ऑइल काढलं तर पाकासारखं संथ गळालं. या इंजिनाला 10डब्ल्यू-40 चालतं. त्यात दाट करणारं औषध ओतलं होतं. झिजलेल्या रिंगांचा निळा धूर त्याने थोडे दिवस झाकला जातो. पण या गाडीत क्लच आणि गिअर त्याच ऑइलवर चालतात, म्हणजे धूर झाकायच्या नादात क्लचची वाट लागते.

आणि कार्बोरेटर. आमचा मूळ कार्बोरेटर फक्त तुंबलेला होता. पेट्रोल वर्षानुवर्षं साचून राहिलं की त्याचा चिकट थर बसून पायलट जेट (पेट्रोल सोडणारी बारीक छिद्राची नळी) बंद होतो. जेट काढून स्प्रे आणि बारीक तांब्याच्या तारेने साफ केला असता तर काम झालं असतं. मिस्त्रीने तो काढून ठेवून घेतला आणि इथल्याच एका बाइकचा लावला. विचारलं तर त्यावरचं ‘केहिन’ हे नाव दाखवून म्हणाला, बघा, जपानी. केहिनचं नाव आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांच्या कार्बोरेटरवर असतं. त्यावरून तो तुमच्या गाडीचा ठरत नाही. जुने पार्ट कुठे आहेत विचारलं, तर “भंगारात गेले.”

म्हणून, दुर्मीळ गाडी देताना तिच्या प्रत्येक मोठ्या पार्टचा जवळून फोटो काढा, कार्बोरेटर, हेड, हब यांवर आतल्या बाजूने बारीक खूण कोरा आणि कामाच्या कागदावरच लिहून घ्या की बदललेला प्रत्येक जुना पार्ट परत मिळेल. प्रामाणिक मिस्त्रीला याचा राग येत नाही. लेथवाल्या दादांनी तर जुन्या रिंगा स्वतःहून कागदात बांधून दिल्या. पैसे टप्प्याने द्या आणि बोअर झाल्यावर, सिलिंडर बसवण्याआधी, स्वतः जाऊन पाहा.

फसवणूक झालीच तर ऑनलाइन गेलेल्या पैशांसाठी त्याच दिवशी 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा. तिथे उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत सरकतात आणि हाती काही लागत नाही. न केलेल्या कामाचे पैसे घेणं ही सेवेतली त्रुटी आहे. त्यासाठी ग्राहक हेल्पलाइन 1915, आणि त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. विश्वासाने सोपवलेला पार्ट ठेवून घेणं हा वेगळा गुन्हा आहे, त्यासाठी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी लागते आणि पोच घ्यावी लागते. गाडी दुसऱ्याकडे उघडायची झाल्यास व्हिडिओ काढल्याशिवाय एक नटही सैल करू नका. उघडणाऱ्याकडून काय दिसलं ते सहीनिशी लिहून घ्या. आमच्या तक्रारीत सगळ्यात भक्कम कागद तोच आहे.

सध्या दादांनी खरोखर बोअर करून दिलं आहे, टायरची सारखी जोडी मागवली आहे. गाडी सरळ चालते. घरातल्या मुलांना काकाजींनी स्वतः शिकवलं: वळताना अंग आत झुकवायचं, भार बाहेरच्या पायावर द्यायचा म्हणजे आतलं चाक हलकं होऊन गाडी वळते, आणि तोल जातोय असं वाटलं तरी पाय खाली टेकवायचा नाही, मागचं चाक पायावरून जातं. हेल्मेटशिवाय कुणालाही बसू देत नाहीत. टाकीत पेट्रोल साठवून ठेवत नाहीत, कारण आताच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये ओल धरते आणि जुने रबर फुगतात.

मूळ कार्बोरेटर अजून मिळालेला नाही. त्याच्या खालच्या वाटीवर काकाजींनी फार पूर्वी खिळ्याने ‘काटोल’ असं मराठीत कोरलं होतं, ‘ट’ थोडा वाकडा आहे. जुन्या पार्टच्या बाजारात किंवा कुणा रिस्टोअर केलेल्या गाडीवर तो दिसला, तर फोटो काढा, विकणाऱ्याचं बिल मागा आणि मला कळवा.