मराठी पाटी सरकवायची तर मॅक्स ७२१९ की पी१०?

सरकत्या अक्षरांची पाटी स्वतः बनवायची म्हटलं की दोन पर्याय हमखास सुचवले जातात: मॅक्स ७२१९ चिपचं चार चौकटींचं मॉड्यूल, नाहीतर दुकानांवर लाल अक्षरं पळवणारं पी१० पॅनल. किंमत आणि उजेड नंतर बघू. पाटीवर मराठी लिहायचंय का, एवढं आधी ठरवा.

मॅक्सच्या मॉड्यूलला आडव्या ओळी ८च. इंग्रजी अक्षर ५ बाय ७ ठिपक्यांत बसतं, त्यामुळे घड्याळ, तापमान किंवा इंग्रजी मजकूर झकास दिसतो. आता ‘मूर्ती’ लिहून बघा. वर वेलांटी आणि रफार, मग शिरोरेषा, अक्षर, खाली ऊकार. अक्षराच्या वाट्याला तीन-चार ओळी उरतात आणि म-भ ओळखू येत नाहीत. पी१०ला १६ ओळी आणि ३२ स्तंभ. तिथे हे सगळं सुटसुटीत मावतं. मराठीसाठी मी दुसरा विचार करणार नाही.

जोडाक्षरांची अडचण मात्र दोन्हीकडे आहे. नेहमीच्या लायब्ररींना, म्हणजे पाटी चालवणाऱ्या तयार कोडला, ‘श्री’ जुळवता येत नाही. उपाय सोपा: पूर्ण वाक्याचं चित्र संगणकावर करून ठिपके कोडमध्ये टाका. १६ ओळी आणि ३०० स्तंभांचं वाक्य ६०० बाइटांत बसतं. पाटी चालवणाऱ्या आर्डुइनो ऊनो बोर्डच्या २ केबी रॅममध्ये ते कोंबू नका, कोड साठवणाऱ्या ३२ केबी फ्लॅशमध्येच ठेवा. मजकूर रोज बदलणार असेल तर वायफायवाला ईएसपी३२ बोर्ड घ्या आणि चित्र फोनच्या ब्राउझरकडून काढून घ्या. जोडाक्षरं त्याला येतातच, वायफायवरून फक्त ठिपके पाठवायचे.

जोडणीत मॅक्स सरळ आहे. डेटा, क्लॉक आणि सिलेक्ट अशा तीन तारा, वर ५ व्होल्ट आणि ग्राउंड. चिपला स्वतःची मेमरी असल्याने एकदा चित्र दिलं की ती ते धरून ठेवते. पी१०ला मेमरी नाही. ओळींचे चार गट आळीपाळीने पेटवण्याचं काम तुमच्या कोडचं. ते जरा अडकलं की पाटी लुकलुकते. म्हणून टायमर इंटरप्टवर, म्हणजे बाकीचं काम थांबवून ठरल्या वेळी, चालणारी लायब्ररीच वापरा. ईएसपी३२चे सिग्नल ३.३ व्होल्टचे, तेव्हा ते ५ व्होल्टपर्यंत वाढवणारी ७४एचसीटी२४५ चिप मध्ये टाकलेली बरी.

पी१० यूएसबीवर चालवू नका, ५ व्होल्टचा दमदार एसएमपीएस (वेगळा पॉवर सप्लाय) लावा आणि त्याचा, पॅनलचा आणि बोर्डचा ग्राउंड एकत्र जोडा. उन्हातही ते वाचता येतं. मॅक्स घरातल्या भिंतीपुरतं. रंगीत डब्ल्यूएस२८१२बी एलईडींचा मोह होईल, पण ८ बाय ३२ची पट्टी पूर्ण पांढरी पेटवली तर १५ अँपिअरपर्यंत मागते.

सेन्सर, घड्याळ असं काही जोडायचं नसेल तर पी१०चं मोबाइलवरून चालणारं तयार कंट्रोल कार्ड घ्या, कोड लिहायची गरजच नाही. पॅनल मात्र निदान दोन लागतील. एक पॅनल ३२ सेंटिमीटर रुंद, त्यावर एका वेळी जेमतेम तीन अक्षरं मावतात, आणि ‘गणपती बाप्पा मोरया’ वाचायला रस्त्यावरचा माणूस थांबत नाही.