ऑफिसातली स्वतः बांधलेली रीफ टाकी (खाऱ्या पाण्यातली प्रवाळांची टाकी): वापरानंतरचा अनुभव, मुख्यतः एका फ्लोटबद्दल

वॉरंटीच्या कागदावर बारीक अक्षरात एक ओळ आहे: मिठाचा थर साचल्यामुळे आलेला बिघाड वॉरंटीत धरला जाणार नाही. वस्तू काय, तर खाऱ्या पाण्याच्या टाकीत बसवायचा ऑटो टॉप-ऑफ, म्हणजे पातळी बघणारा फ्लोट आणि उडून गेलेल्या पाण्याची आपोआप भर घालणारा पंप. खोक्यावर प्रवाळाचं हे एवढं मोठं चित्र. मिठात बसवायची नाही तर ही वस्तू बसवायची कुठे, हे मी सर्व्हिसवाल्यांना ईमेलवर विचारलं, फोनवर विचारलं. उत्तर एकच: "सर, सेन्सर स्वच्छ ठेवणं ही वापरणाऱ्याची जबाबदारी आहे." बरं. म्हणून हा सगळा प्रपंच लिहायला घेतला.

टाकीबद्दल थोडक्यात. 90 × 45 × 45 सेंटीमीटर, 10 मिलिमीटर काच, सिलिकॉनने घरीच जोडलेली. सिलिकॉन आठवडाभर वाळू दिलं, मग गोड्या पाण्याने भरून गळतीची चाचणी घेतली. खाली जुन्या टाकीत पार्टिशन चिकटवून केलेला सम्प: वरचं पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपने त्यात उतरतं आणि रिटर्न पंप ते परत वर पाठवतो. खडक आणि वाळूची जागा सोडली तर सम्प धरून एकूण पाणी साधारण 190 लिटर. नुसती काचच 40 किलो भरते, त्यामुळे स्टँडवर काटकसर केली नाही. बाकी सगळीकडे केली. लाइट वापरलेला घेतला, स्किमरही (बुडबुड्यांच्या फेसाने पाण्यातली घाण काढणारं यंत्र) वापरलेलाच, आणि दोघांबद्दल तक्रार करायला जागा नाही. सुरुवातीला अमोनिया, मग नायट्राइट, मग नायट्रेट हे चक्र बसायला महिना-दीड महिना लागला. मग तपकिरी डायटम (सूक्ष्म शैवाल) आले आणि गेले, मग हिरवी केसाळ शेवाळं आली आणि सावकाश गेली. हे सगळ्यांच्याच टाकीत होतं, त्यावर अजून शब्द खर्च करत नाही.

घरच्या टाकीत आणि ऑफिसच्या टाकीत मूळ फरक एकच: शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ तिथे कुणी नसतं. घरी पाणी कमी झालं की जाता-येता तांब्याभर ओतता येतं. ऑफिसात हा तांब्या म्हणजे टॉप-ऑफ. उडून जातं ते नुसतं पाणी, मीठ टाकीतच राहतं, म्हणून भर घालायची ती गोड्या आरओडीआय (गाळून क्षार काढलेल्या) पाण्याची. एसीची हवा कोरडी, त्यात माझी टाकी रोज तीन लिटर पाणी सहज सोडते. सुट्टीच्या दिवशी एसी बंद, खोली तापते, तापमान 26 च्या वर चढू लागलं की सम्पवरचा छोटा पंखा आपोआप सुरू होतो. पंख्याने दोन-तीन अंश उतरतात, पण उतरतात ते बाष्पीभवनानेच. म्हणजे ज्या दिवशी माणूस नाही नेमक्या त्याच दिवशी पाणी जास्त उडतं, पाच लिटरपर्यंत. चिलर घेतला असता तर हे टळलं असतं, पण चिलरची किंमत आणि त्याचा आवाज दोन्ही मला परवडणारे नाहीत. सगळा भार असा त्या फ्लोटवर येऊन पडतो.

फ्लोट कसा असतो ते माहीत असेलच. दांडीवर वर-खाली होणारा पोकळ प्लास्टिकचा मणी, मण्यात चुंबक, दांडीत रीड स्विच (चुंबक जवळ-लांब गेला की चालू-बंद होणारा). पाणी उतरलं, मणी खाली आला, पंप सुरू. पाणी चढलं, मणी वर, पंप बंद. मणी दांडीवर जेमतेम सैल बसतो, मधली फट नखाच्या जाडीचीही नसेल. रिटर्न चेंबरमध्ये (सम्पमधला रिटर्न पंपाचा कप्पा) बुडबुडे फुटतात, तुषार दांडीवर बसतात, वाळतात, पांढरी पापडी धरते. पापडी त्या फटीत शिरली की मणी अडकतो. वर अडकला तर पंप सुरूच होत नाही आणि क्षारता चढत जाते. खाली अडकला तर पंप थांबत नाही. पहिल्या काही महिन्यांत दोन्ही प्रकार झाले, पण आठवड्याच्या मधल्या दिवशी आणि माझ्या नजरेसमोर, त्यामुळे व्हिनेगरच्या कोमट पाण्यात दांडी बुडवून निभावलं.

मग एका सोमवारी आलो तर टॉर्च कोरल मुठीएवढा आक्रसलेला, ग्रीन स्टार पॉलिप्स हा दुसरा प्रवाळ मिटून त्याची नुसती जांभळी चटई आणि सम्प काठापर्यंत भरलेला. फ्लोटवर एक टर्बो गोगलगाय आरामात बसलेली. वरून उतरून ओव्हरफ्लोच्या पाइपमधून खाली कशी पोचली तीच जाणे. तिच्या वजनाने मणी तळाशी, मग काय, 25 लिटरचा आख्खा कॅन टाकीत रिकामा. रिफ्रॅक्टोमीटरवर (क्षारता मोजायचं उपकरण, आकडे हजारी भागांत) 35 च्या जागी 32. मधल्या दोन दिवसांत बरंचसं पाणी उडून गेल्यावर 32, म्हणजे शनिवारी सकाळी आकडा 31 च्या आसपास असणार. क्लाउनफिशच्या जोडीला ढिम्म फरक पडला नाही. क्लीनर श्रिंप (कोळंबी) मात्र गेला. अपृष्ठवंशीयांना क्षारतेचा असा धक्का सोसत नाही.

यात दुसरी एक गोष्ट दडलेली होती. वीज गेली की रिटर्न पंप थांबतो आणि वरच्या टाकीतलं ओव्हरफ्लोच्या पातळीपर्यंतचं पाणी खाली उतरतं. त्यासाठी सम्पमध्ये वीसेक लिटरची जागा रिकामी ठेवावी लागते. गोगलगाईने तीच जागा भरून टाकली होती. त्या दोन दिवसांत पाच मिनिटं जरी वीज गेली असती तर पाणी कार्पेटवर आणि मी ॲडमिनच्या केबिनमध्ये.

क्षारता वर आणायची ती सावकाश. मी जादा पाणी उपसून काढलं आणि टॉप-ऑफच्या कॅनमध्ये गोड्याऐवजी 35 चं खारं पाणी भरलं. रोज जेवढं उडतं तेवढं खारं पाणी जातं आणि आकडा दिवसाला साधारण अर्ध्या भागाने चढतो. पाच-सहा दिवसांत जागेवर आला. टॉर्च फुलायला त्याहून जास्त वेळ लागला. रिफ्रॅक्टोमीटर 35 च्या प्रमाणित द्रावणावर लावून घ्या, आरओच्या पाण्यावर शून्य जुळवून भागत नाही. शून्यापाशी बरोबर आणि 35 पाशी दोनाने चूक असं खुशाल होतं.

फ्लोट मी परत पाठवला, त्यांनी तो तसाच माघारी धाडला. त्यावर काय झालं ते पहिल्याच परिच्छेदात आहे.

त्यानंतर ऑप्टिकल सेन्सर बसवला आणि इथवर लिहिताना माझं मत ठरलेलं होतं: फ्लोट टाकाऊ, ऑप्टिकल घ्या, विषय संपला. त्यात हलणारा भाग नाही. टोकाशी काचेसारखा लोलक असतो, आतून अवरक्त प्रकाश सोडलेला. टोक हवेत असेल तर प्रकाश आतल्या आत परावर्तित होऊन परत येतो, पाण्यात असेल तर बाहेर निसटतो. गोगलगाय चढली तरी काही बिघडत नाही. तीन-चार स्टार देऊन मोकळा होणार होतो.

पुढचा भाग काही दिवसांनी लिहितोय. मधल्या काळात स्किमर खवळला. हाउसकीपिंगच्या मावशींनी शेजारच्या काचेवर स्प्रे मारला त्यामुळे, की कुणी हाताला क्रीम लावून खडक सरकवला त्यामुळे, देव जाणे. बारीक बुडबुड्यांचा पूर रिटर्न चेंबरपर्यंत आला. एक बुडबुडा लोलकाला चिकटला आणि सेन्सरच्या लेखी टाकी कोरडी पडली. पंप सुरू. मी समोरच होतो म्हणून प्लग काढला. म्हणजे हलणारा भाग नाही हे खरं, पण फसायला तो काही लागत नाही. मत बदललं: सेन्सर कुठलाही घ्या, तो कधी ना कधी खोटं बोलणार. खोटं बोलल्यावर किती पाणी जाईल एवढंच आपल्या हातात.

ते हातात घ्यायला लागला तो एक साधा डिजिटल टायमर, तोही ड्रॉवरमध्ये पडलेला. टॉप-ऑफच्या पंपाला आता दिवसातून चार वेळा, प्रत्येकी दोनच मिनिटं वीज मिळते. पंपाची धार चिमटीने आवळून मिनिटाला एक लिटरवर आणली. म्हणजे सेन्सर पूर्ण वेडा झाला तरी दिवसाला 8 लिटरच्या वर पाणी जाऊच शकत नाही. सुट्टीत पाच लिटर उडणार, तीन जादा पडणार, सोमवारपर्यंत सात-आठ लिटर जास्तीचे. हिशेब केला तर क्षारता 33.7 च्या आसपास. वाईट, पण कुणी मरणार नाही. जुना फ्लोट धुऊन, वर सछिद्र पाइपचा तुकडा घालून (गोगलगायबंदी) ऑप्टिकलच्या थोडा वर, त्याच्याशी मालिकेत जोडला. दोघांनी हो म्हटलं तरच पंप चालतो. नळीचं तोंड पाण्याच्या बरंच वर बांधा आणि कॅन जमिनीवरच ठेवा. कॅनमधली पातळी नळीच्या तोंडापेक्षा उंच राहिली तर पंप बंद झाल्यावरही सायफनने पाणी येतच राहतं, आणि तिथे कुठलाच सेन्सर कामाचा नाही.

1961 साली जकार्ताच्या ली चिन एंग यांनी समुद्री टाकी सांभाळायची आपली पद्धत लिहून प्रसिद्ध केली होती: जिवंत खडक (समुद्रातला, जीवजंतूंनी भरलेला), समुद्राचं पाणी आणि हवेचे बुडबुडे. कंट्रोलर नाही, ॲप नाही, सम्पही नाही. हाती समुद्र होता हे खरं, पण मालिकेतले स्विच सोल्डर करताना मला त्यांचा हेवा वाटत होता.

आता चांगलं. या टाकीने मला एक गोष्ट दाखवली जी घरच्या टाकीत कधीच दिसली नसती. पीएच प्रोब लावल्यावर आलेख उलटा दिसायला लागला. लाइट चालू असताना प्रवाळातली शैवालं कार्बन डायऑक्साइड ओढतात, म्हणून पीएच दुपारी चढायला हवा. इथे कामाच्या दिवशी दुपारी तो 7.8 वर लोळायचा आणि रविवारी, पाण्यात काहीही न घालता, 8.2. प्रोब दोनदा कॅलिब्रेट केला. मग लक्षात आलं की बंद खोलीत माणसं जो कार्बन डायऑक्साइड सोडतात तोच स्किमर हवेबरोबर ओढून पाण्यात घुसळतोय. मोठी मीटिंग झाली की आलेखात खड्डा. आमच्या साहेबांना मी तो आलेख दाखवला, तर त्यांनी टाकीचं सोडून खोलीच्या व्हेंटिलेशनची तक्रार वर पाठवली. स्किमरच्या हवेच्या नळीला कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या सोडा लाइमची डबी जोडल्यावर पीएच 8 च्या वर राहतो. गोळ्या जांभळ्या झाल्या की बदलायच्या.

लाइटवर लोक जेवढा जीव टाकतात तेवढा टाकू नका. मश्रूम, झोअँथिड, ग्रीन स्टार पॉलिप्स या प्रवाळांना 50 ते 100 पार (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी प्रकाशाचं माप) पुरतो, टॉर्च आणि हॅमरला 100 ते 150. ऑफिसात ॲक्रोपोरा (जास्त प्रकाश मागणारा प्रवाळ) ठेवायचाच नाही असं ठरवलं की लाइटचा खर्च आपोआप अर्ध्यावर येतो. झोअँथिडबद्दल मात्र एक ताकीद: काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. खडक घासायचा तर पाण्याखाली, हातमोजे आणि चष्मा घालून. उकळत्या पाण्याने धुवायचा विचारसुद्धा करू नका, ती वाफ सगळं ऑफिस हुंगेल.

खाण्याचा डबा कुलपात ठेवा. "मी फक्त चिमूटभर घातलं" म्हणणारी पाच माणसं झाली की फॉस्फेट 0.1 पीपीएमच्या पलीकडे जातं. आणि मल्टिप्लगवर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावा, कारण व्हॅक्यूम क्लीनरला नेमकं तेच सॉकेट सोयीचं पडतं. रिटर्न पंपावर चिठ्ठी लावून भागलं नाही, शेवटी प्लगवर झाकणाची पेटी बसवली. वीज गेल्यावर आपोआप सुरू होणारा बॅटरीचा हवापंपही लावलाय. पाणी थांबलं की आधी प्राणवायू संपतो, बाकीचं नंतर.

ज्या कंपनीवर मी इतका वेळ चिडलोय तिने अखेर सद्भावना म्हणून नवीन फ्लोट पाठवला. तोच मणी, तीच दांडी, तीच फट. वॉरंटीचा कागदही तोच. दोन स्टार देतोय, ते दोन्ही टॉप-ऑफच्या पंपाचे, कारण पंप खरंच चांगला आहे: इतक्या वेळा सुरू-बंद होऊनही कुरकुर नाही आणि आवाज शेजारच्या टेबलापर्यंत जात नाही.

टॉर्चला आता नवीन डोकं फुटतंय, त्यामुळे सांगाडा बांधायला लागणारं कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्यातला कार्बोनेटचा साठा) यांचा खप वाढलाय. अल्कलिनिटी हॅना चेकर या छोट्या मापकावर आठवड्यातून दोनदा बघतो, 8 ते 9 डीकेएचच्या मध्ये ठेवतो आणि कमी पडेल तेवढी हाताने घालतो. बऱ्याच जणांनी सुचवलं की टॉप-ऑफच्या कॅनमध्येच कॅल्कवासर (चुन्याचं पाणी) मिसळ, दोन्ही कामं एकदम होतील. होतील, पण त्याचा पीएच 12 च्या वर असतो. गोगलगाय बसली तेव्हा कॅनमध्ये ते असतं तर श्रिंपवर भागलं नसतं. म्हणून दुहेरी स्विच आणि टायमर एक आख्खा उन्हाळा काढेपर्यंत कॅनमध्ये साधं आरओडीआय पाणीच.