वेटर्नरुंडान 315 किमी: पहिली लांबची राइड करायची असेल तर माझं मत हिलाच

वेटर्न हा स्वीडनमधला दोन नंबरचा मोठा तलाव, उत्तर-दक्षिण लांबच लांब पसरलेला, आणि त्याला सायकलवर एक पूर्ण फेरी मारायची म्हणजे वेटर्नरुंडान. 315 किलोमीटर, एका दमात, मध्ये कुठे हॉटेलात झोपायबिपायचं नाही. 1966 पासून जूनमध्ये होते. पुण्यात होते तेव्हा माझी मजल सिंहगड नाहीतर फारफार तर लोणावळा जाऊन परत एवढीच, इकडे गोथेनबर्गला आल्यावर ऑफिसातल्या लोकांनी हिचं खूळ डोक्यात घातलं आणि पहिली लांबची म्हणून हीच केली. आता ज्यांना करायची आहे त्यांच्यासाठी सविस्तर लिहितेय.

आपण रेस म्हणतो पण आयोजक तिला रेस म्हणत नाहीत. चिप मिळते, टाइम बरोब्बर लागतो, पण पहिला दुसरा तिसरा असं काही काढत नाहीत. याचा नवख्या माणसाला केवढा फायदा होतो ते तिथे गेल्यावर कळतं. सात-आठ तासांत संपवायची म्हणून वर्षभर तयारी केलेले क्लबवाले असतात, आणि मडगार्ड लावलेल्या साध्या सायकलवर आरामात गप्पा मारत जाणारी साठीपुढची जोडपीही असतात, सगळे त्याच रस्त्यावर, आणि मागून वेगात येणारा ग्रुप आवाज देऊन डावीकडून निघून जातो, तुम्ही आपले उजवी कड धरून चालवत राहायचं.

स्टार्ट मोटाला गावातून. एकदम गर्दी सोडत नाहीत, ठरलेल्या वेळेला एकेक गट सोडतात, आणि हे रात्रभर चालतं. मला रात्रीचा स्टार्ट मिळाला होता आणि तोच घ्या असं मी आवर्जून सांगेन. जूनच्या मध्याला इथे सूर्य दहा वाजून गेल्यावर मावळतो आणि पहाटे चारच्या सुमारास परत हजर, मधल्या वेळातही आकाश पूर्ण काळं होतच नाही. तरी रात्री निघणाऱ्यांना पुढे-मागे लाइट कंपल्सरी आहे, हेल्मेट तर सगळ्यांनाच. थंडी मात्र मनावर घ्या. आपल्याला जून म्हटलं की पाऊस आणि उकाडा आठवतो, इथे पहाटे तलावाकाठी बोटं अशी आखडतात की ब्रेक दाबताना जाणवतं. पूर्ण बोटांचे ग्लोव्हज, आर्म वॉर्मर आणि खिशात मावणारं विंडचीटर, या तीन गोष्टींवर पैसे वाचवू नका.

रूट सोपा आहे, तलाव कायम उजव्या हाताला. आधी पूर्वेच्या काठाने खाली दक्षिणेला: वाडस्टेनाचा किल्ला, मग हेस्टहोल्मेन, मग ग्रेन्ना, जिथली लाल-पांढऱ्या पट्ट्यांची पेपरमिंटची कांडी प्रसिद्ध आहे (1859 पासून बनवतात, परत कधी कारने जाल तेव्हा घ्या, सायकलवर चिकट हात नकोत). मग दक्षिण टोकाला यॉनशॉपिंग, आणि तिथून पश्चिम काठाने वर यू, कार्ल्सबोर्ग, हम्मारसुंदेतचा पूल आणि परत मोटाला. सिंहगडासारखा सलग चढ कुठेच नाही पण छोटे छोटे चढ-उतार संपतच नाहीत, यॉनशॉपिंगमधून बाहेर पडतानाचा चढ चांगलाच लागतो कारण तोवर शंभरेक किलोमीटर झालेले असतात आणि आत्ताच पोटभर खाल्लेलं असतं.

आता खाण्याबद्दल, कारण माझ्या मते या राइडचा जीव तिथेच आहे. सगळ्या रस्त्याभर डेपो आहेत, म्हणजे खाण्यापिण्याचे थांबे. गोड बन, केळी, कॉफी, ब्लूबेरीचं गरम सूप (पहिल्या घोटाला विचित्र लागतं, पहाटेच्या थंडीत मात्र अमृत) आणि मिठाच्या पाण्यातल्या काकड्या. त्या काकड्यांना हसू नका, घामातून गेलेलं मीठ भरून निघतं आणि गोड खाऊन खाऊन आलेला तोंडाचा चिकटपणा जातो. यॉनशॉपिंगला बटाट्याचा मॅश वगैरे गरम जेवण, यूला लझान्या. मी व्हेज आहे, मेन्यू आधीच बघून ठेवला होता आणि तरीही जर्सीच्या खिशात खजूर, शेंगदाण्याचे लाडू आणि दोन थालीपिठं घडी करून ठेवली होती, दोनशे किलोमीटरनंतर जेव्हा बन बघवेना तेव्हा थालीपिठानेच तारलं. लाडू मात्र मऊ वळा, कडक लाडू चालवता चालवता चावत नाही.

आणि हे सगळं वाढणारी माणसं म्हणजे त्या त्या गावातल्या स्पोर्ट्स क्लबचे लोक, शाळकरी पोरांपासून आजीबाईंपर्यंत. पहाटे तीनला एक बाई हसत हसत कॉफी ओतत होत्या आणि माझी बाटली स्वतः भरून देत होत्या, मला पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांना चहा-नाश्ता देणारी गावंच आठवली. पंक्चर किंवा गिअरचं काही झालं तर डेपोवर मेकॅनिक पण असतात, तरी दोन ट्यूब आणि पंप स्वतःचा ठेवाच.

अवघड कुठे जातं ते स्पष्ट सांगते. यू सोडल्यावर. अर्ध्याच्या वर झालंय म्हणून डोकं खूश असतं पण पाय, मान आणि बूड हळूहळू बोलायला लागतात, आणि वारा समोरून असेल तर कार्ल्सबोर्गच्या पुढे अक्षरशः पॅडल ढकलावं लागतं. इथे एकट्याने झगडायचं नाही. आपल्या स्पीडचा एखादा ग्रुप बघायचा, विचारून मागे लागायचं, आपला नंबर आला की थोडा वेळ पुढे जाऊन वारा झेलायचा. मला एका ग्रुपने असं घेतलं, भाषा माझी तोडकीमोडकी, पण खड्डा, वळण, थांबा सगळं हातानेच दाखवतात. हम्मारसुंदेतचा पूल चढून वर आलं की दोन्हीकडे पाणी दिसतं आणि तिथे मला पहिल्यांदा खात्री वाटली की होतंय आता.

खर्चाचं म्हणाल तर फी कमी नाही, आणि मोटाला छोटं गाव असल्यामुळे त्या वीकेंडला राहायची जागा लवकर संपते, रजिस्ट्रेशन केलं की त्याच दिवशी रूमचंही बघा. बरेच जण ही राइड स्वीडिश क्लासिकसाठी करतात, म्हणजे बारा महिन्यांत वासालोपेत 90 किमी स्की, वेटर्न, वान्सब्रोचं 3 किमी पोहणं आणि लिडिंगोलोपेत 30 किमी रन. मला त्यातलं स्की जमेल असं वाटत नाही, सायकल मात्र परत करणार.

तयारीला किती वेळ लागेल असं विचारलंत तर, मे महिन्यापर्यंत एक 150 ची आणि एक 200 ची राइड खाण्यापिण्यासकट, त्याच सॅडलवर, त्याच शॉर्ट्समध्ये झालेली हवी. एवढं जमत नसेल तर आयोजकांच्याच 100 आणि 150 किलोमीटरच्याही राइड आहेत, त्यातली एक यावर्षी करा आणि 315 पुढच्या जूनला.